माथ्यावरचें ओझें आणि मनावरचें ओझें



मेढ्याच्या एस. टी. स्थानकावर मुंबईची गाडी लागली कीं, निरोप द्यावयास आलेल्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हटकून ऐकूं येतें. म्हातारी आई मुलाला म्हणते, बहीण भावाला म्हणते, ‘जिवाला जप रे बाबा.’ या साध्या बोलांत घरची सारी माया सांठवलेली असते. परंतु त्यांतून एक प्रश्नहि उभा राहतो. जो मनुष्य दुसऱ्याच्या कारखान्यांत, बाजारांत किंवा कचेरींत दिवसाचे आठ-दहा तास राबतो, त्यानें आपल्या जिवाला जपावें म्हणजे नेमकें काय करावें? आणि तें त्याच्या हातीं कितपत असतें? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचा शास्त्रीय रीतीनें पुष्कळ शोध घेतला गेला आहे. त्या शोधांतून निघालेलें सार जावळीच्या माणसांच्या अनुभवाशीं ताडून पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मेढा हें जावळी तालुक्याचें मुख्य ठिकाण. वेण्णेचें खोरें, सभोंवार सह्याद्रीचे डोंगर, पाऊस उदंड. परंतु शेतजमीन थोडी आणि तीहि बरीचशी उतारावरची. भात आणि नाचणी यांवर कुटुंबाचें वर्ष निघत नाहीं, म्हणून येथल्या घराघरांतील कर्ता पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस जात आला. कोणी गिरणींत लागला, कोणी गोदींत. पुष्कळांनीं धान्याच्या बाजारांत माथ्यावर पोतीं वाहिलीं. आजहि मुंबई व नवी मुंबईच्या बाजारांतील माथाडी कामगारांत जावळी आणि पाटण या तालुक्यांतील माणसें मोठ्या संख्येनें आढळतात. डोंगरांतल्या या तालुक्याचें सुखदुःख अशा रीतीनें दूरच्या शहरांतील कामाच्या जागेशीं बांधलें गेलें आहे.

कामाच्या जागेनें माणसाची प्रकृति बिघडते, ही गोष्ट पंडितांच्या आधीं कामगारांनींच सांगितली. १८८४ सालीं, महात्मा जोतीराव फुले यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा एक अर्ज तयार झाला. रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, कामाचे तास ठरलेले असावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत व्हावा, आणि कामावर जो जायबंदी होईल त्याच्या निर्वाहाची सोय असावी, अशा त्यांतल्या मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. या मागण्या आज पुन्हा वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. सुटी आणि विसांवा या शरीराच्या गरजा झाल्या. परंतु पगार केव्हां मिळणार आणि हात तुटला तर घर कोण चालविणार, ही विवंचना मनाची आहे. शरीराचा शीण आणि मनाचा घोर हीं दोन्हीं एकाच अर्जांत मांडण्याचें शहाणपण त्या अल्पशिक्षित माणसांजवळ होतें.

मनाच्या या घोराचें आणखी एक कारण गिरणीच्या दारांतच उभें असे. तें म्हणजे जॉबर अथवा मुकादम. कामावर घेणें आणि काढणें त्याच्या हातीं. त्यामुळें त्याला दस्तुरी द्यावी लागे. बदली कामगार पहांटे दारावर येऊन उभा राही, आणि आज काम मिळेल कीं हात हलवीत परत जावें लागेल, हें मुकादमाच्या बोटावर ठरे. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशनानें १९३१ च्या आपल्या अहवालांत या पद्धतीवर कडक टीका केली आणि कामगारांच्या नेमणुकीसाठीं व गाऱ्हाण्यांसाठीं स्वतंत्र अधिकारी असावे, अशी शिफारस केली.

कांहीं मालकांनीं आपण होऊनहि चांगलीं पावलें उचललीं. आपल्याच भागांतलें उदाहरण घ्यावयाचें तर किर्लोस्करवाडीचें घेतां येईल. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांत, कुंडल स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर, कारखान्याबरोबरच वसाहतहि वसविली. कारखाना म्हणजे केवळ यंत्रांची मांडामांड नव्हे, तेथें राबणाऱ्या माणसाला घर हवें, त्याच्या मुलांना शाळा हवी, हा विचार त्यांत होता. १९२० सालीं तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि पुढें तिचें महाराष्ट्रभर वाचलें जाणारें मासिक झालें. असे मालक थोडे, आणि म्हणूनच त्यांचें मोल मोठें.

परंतु घर दिलें, पाणी दिलें, शाळा काढली, म्हणजे मनुष्य कामावर सुखी होतो काय? या प्रश्नानें शास्त्रज्ञांना प्रथम चकविलें तें अमेरिकेंत. शिकागो शहराजवळ हॉथॉर्न येथें टेलिफोनचें साहित्य बनविणारा एक प्रचंड कारखाना होता. दिव्यांचा उजेड वाढविला तर काम वाढतें कां, हें पाहण्यासाठीं १९२४ सालीं तेथें प्रयोग सुरू झाले. एका गटाचा उजेड वाढविला, काम वाढलें. दुसऱ्या गटाचा उजेड होता तसाच ठेवला. त्याचेंहि काम वाढलें. मग उजेड कमी करून पाहिला, तरी काम लगेच घटेना! १९२७ पासून टेलिफोनचे सुटे भाग जोडणाऱ्या पांच तरुणींना एका निराळ्या खोलींत बसवून दुसरा प्रयोग झाला. त्यांना मधली सुटी दिली, अल्पोपाहार दिला, दिवस लहान केला. काम वाढत गेलें. पुढें कांहीं आठवडे या सवलती काढून घेतल्या, तरीहि तें पूर्वींच्या पायरीवर उतरलें नाहीं. हार्वर्ड विद्यापीठाचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनीं या कोड्याचा असा अर्थ लाविला कीं, आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, आपलें मत विचारीत आहे आणि आपण एका मेळाच्या आहोंत, या जाणिवेनें त्या मुलींचें मन कामांत रमलें.

त्यानंतर १९२८ ते १९३० या काळांत त्या कारखान्यांतील सुमारें २१,००० कामगारांशीं अधिकाऱ्यांनीं एकेकट्यानें बोलून त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें. आरंभीं प्रश्नांची यादी हातांत घेऊन बसणारे हे अधिकारी पुढें यादी बाजूला ठेवून नुसते ऐकूं लागले, कारण कामगाराला जें सांगावयाचें असे तें यादींत नसेच. आणखी एका खोलींत चौदा पुरुषांच्या कामाचें निरीक्षण झालें. तेथें निराळेंच दिसलें. अधिक काम केल्यास अधिक पैसे मिळत असतांहि त्या माणसांनीं आपसांत कामाची एक मर्यादा ठरविली होती, आणि तिच्यापुढें कोणी जाऊं लागल्यास बाकीचे त्याला आंवरीत. आज जास्त काम केलें तर उद्यां दर उतरतील, ही भीति त्यांच्या मनांत होती. म्हणजे कामाच्या जागीं मालकाच्या नियमांखालीं कामगारांचे आपले असे अलिखित नियम असतात, आणि ते विश्वासावर किंवा अविश्वासावर उभे असतात.

या प्रयोगांचा महिमा पुढें फार वाढला, आणि त्याबरोबर त्यांवर आक्षेपहि घेतले गेले. त्या पांच मुलींची पगाराची पद्धति प्रयोगाच्या वेळीं बदलण्यांत आली होती; ‘सहकार्य करीत नाहींत’ म्हणून दोघींना मध्येंच बदलण्यांत आलें होतें; आणि १९२९ नंतरच्या मंदीनें नोकरी जाण्याची धास्तीहि होतीच. हे आक्षेप खरे आहेत. म्हणून ‘कामगाराशीं गोड बोला, तो जास्त काम करील,’ असा सोपा धडा या प्रयोगांतून काढणें चुकीचें होईल. गोड बोलण्यानें पोट भरत नाहीं, आणि कामगाराला तें कळतें. मात्र माणूस यंत्राप्रमाणें एकटा काम करीत नाहीं, त्याचें मन त्याच्या मेळांत असतें, एवढें त्यांतून निर्विवाद उरतें.

यापुढचा मोठा शोध कारखान्यांत लागला नाहीं; तो स्वच्छ कचेऱ्यांत लागला. लंडनमधील व्हाइटहॉल हा सरकारी कचेऱ्यांचा भाग. तेथील सुमारें १८,००० पुरुष नोकरांच्या प्रकृतीची पाहणी १९६७ पासून सुरू झाली. मायकेल मार्मट या वैद्यांचें नांव त्या अभ्यासाशीं जोडलेलें आहे. हे सारे नोकर खुर्चीवर बसणारे, निश्चित पगाराचे, निवृत्तिवेतनाचे हक्कदार. कोणाच्या डोक्यावर पोतें नव्हतें कीं फुफ्फुसांत कापसाचे तंतु नव्हते. आपला समज असा कीं, अधिकार वाढला म्हणजे चिंता वाढते आणि हृदय थकतें तें साहेबाचें. पाहणींत उलट दिसलें. अगदीं खालच्या श्रेणीतील नोकरांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारें तिप्पट होतें, आणि मधल्या श्रेणींतहि जसजसें खालीं यावें तसतसें तें वाढत जाई. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणें हिशेबांत घेतलीं तरी सगळा फरक त्यांनीं उलगडेना.

१९८५ सालीं दुसरी पाहणी हातीं घेतली, तेव्हां १०,३०८ स्त्रीपुरुष नोकरांना त्यांच्या कामाच्या स्वरूपाविषयीं प्रश्न विचारले. काम कसें करावें, कोणतें आधीं करावें, विसांवा केव्हां घ्यावा, याविषयीं आपलें कांहीं चालतें काय? ज्यांचें कामावर कांहींच चालत नव्हतें, त्यांच्यांत पुढें हृदयविकाराचें प्रमाण अधिक आढळलें. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकानें १९७९ सालींच हें सूत्र मांडलें होतें: केवळ काम पुष्कळ असल्यानें माणूस मोडत नाहीं, काम पुष्कळ आणि त्यावर ताबा मुळींच नाहीं, अशी सांगड पडली म्हणजे तो मोडतो. शेतकऱ्याच्या बायकोला कामाची कांहीं कमतरता नसते. परंतु आधीं गोठा कीं आधीं चूल, हें ठरविण्याची मुभा असेल तर तिला तें काम झेपतें. तेंच काम दर घटकेला दुसऱ्याच्या हुकुमानें करावें लागलें तर तीच स्त्री दोन दिवसांत थकून जाईल.

याचा अर्थ कामाचे तास गौण आहेत असा मात्र कोणीं घेऊं नये. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, आठवड्यास ५५ तास वा त्याहून अधिक काम केल्यामुळें एकट्या २०१६ सालीं जगांत सुमारें ७,४५,००० माणसें पक्षाघातानें व हृदयविकारानें दगावलीं. लोखंडे यांच्या अर्जांतली तासांची मागणी किती मोलाची होती, हें यावरून दिसेल.

ताबा कामगाराच्या हातीं द्यावा, असें म्हणणें सोपें. परंतु कारखान्यांत तें कसें साधावें? त्याचें एक उत्तर आपल्याच देशांत सांपडलें. अहमदाबादच्या कॅलिको गिरणींत स्वयंचलित माग बसविले होते, पण त्यांच्यापासून अपेक्षेइतकें काम निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनीं १९५३ सालीं तेथें पाहणी केली. त्यांना असें दिसलें कीं, प्रत्येक माणसाला कामाचा एकेक तुकडा वांटून दिला होता: एक नुसता धागे जोडणारा, एक नुसता कांड्या भरणारा, एक तेल घालणारा. तो तुकडा घेऊन जो तो साऱ्या शाळाभर, म्हणजे मागखात्याभर फिरे. सर्वांचें काम एकमेकांवर अवलंबून, पण कोणी कोणाचा नव्हे! राइस यांनीं सुचविलें कीं, कांहीं मागांचा एक समूह करावा आणि तो एका लहान गटाच्या स्वाधीन करावा. गटानें आपसांत कामें वांटून घ्यावीं. ही कल्पना कामगारांनीं तत्परतेनें उचलली आणि गट आपले आपण जमविले. उत्पादन वाढलें, आणि खराब निघणारें कापड कमी झालें. यंत्रें तींच होतीं आणि माणसेंहि तींच. बदलली ती त्यांची मांडणी.

जावळीच्या श्रोत्यांना याचें फारसें नवल वाटणार नाहीं. माथाडी कामगारांची ‘टोळी’ हा असाच गट आहे. टोळी मिळून माल उतरविते, आणि झालेली मजुरी टोळींत वांटली जाते. बहुधा एका गांवचीं किंवा एका खोऱ्यांतलीं माणसें एका टोळींत येत. जुन्या काळीं तींच माणसें मुंबईंत गांवच्या खोलींत एकत्र राहत, पाळीपाळीनें निजत, एका खानावळींत जेवत. अहमदाबादेंत जें मुद्दाम घडवून आणावें लागलें, तें या माणसांनीं गांवाहून शिदोरीसारखें बरोबर नेलें होतें.

परंतु नुसती टोळी पुरेशी नव्हती. शंभर किलोचें पोतें डोक्यावर घेऊन धांवणाऱ्या माथाड्याला मालकच नव्हता! व्यापारी म्हणे, हा हमाल माझा नव्हे. दुकानदार म्हणे, माझाहि नव्हे. पोतें अंगावर पडून कंबर मोडली तर भरपाई कोणाकडे मागावी? सुटी, आजारपण, म्हातारपण यांची जबाबदारी कोणाची? मजुरीचा दरहि दुसऱ्याच्या मर्जीवर. पाटण तालुक्यांतले अण्णासाहेब पाटील यांनीं या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली, आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं कायदा झाला. त्या कायद्यानें एक नवीन युक्ति योजिली. मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांच्या प्रतिनिधींचें मंडळ नेमावयाचें. त्यांत मालकाचीहि नोंद व कामगाराचीहि नोंद. मजुरी मंडळाकडे जमा व्हावयाची, आणि तिच्यावर ठराविक टक्के ‘लेव्ही’ घेऊन त्यांतून भविष्यनिर्वाह निधि, उपदान, रजा, दवाखाना यांची तरतूद करावयाची. ज्याला कोणी धनी नव्हता, त्याला कायद्यानें पाठीराखा दिला.

आतां हे सारे धागे एकत्र घेऊन पाहा. हॉथॉर्नच्या मुलींना कोणी विचारणारें भेटलें. अहमदाबादच्या विणकरांना आपला गट मिळाला. व्हाइटहॉलच्या कनिष्ठ नोकरांजवळ नव्हता तो कामावरचा ताबा. माथाड्याजवळ टोळी पूर्वींपासून होती. कायद्यानें त्याला मंडळावर बसणारा आपला प्रतिनिधि दिला आणि उद्यांची कांहींशी निश्चिति दिली. ओझें मात्र पुष्कळ दिवस तेवढेंच राहिलें. १९६७ सालीं आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें पुरुषानें हातांनीं वाहावयाच्या ओझ्यासाठीं ५५ किलोची मर्यादा सुचविली होती. तिच्या जवळजवळ दुप्पट वजन ज्यांनीं वर्षानुवर्षें वाहिलें, त्यांचे गुडघे आणि मणके म्हातारपणीं तें बोलून दाखवितात. म्हणून शरीराचा प्रश्न सुटला कीं मनाचा सुटेल, किंवा मन संभाळलें कीं शरीर तरून जाईल, अशी दोघांची फारकत करतां येत नाहीं.

नव्या काळांत हा प्रश्न नव्या वेषानें आला आहे. त्याच घरांतला नातू आज शहरांत गोदामांत पेट्या भरतो, किंवा दुचाकीवरून घरोघर सामान पोंचवितो. त्याला पुढचें काम मोबाइलवर येतें. तें कोणीं, कोणत्या हिशेबानें दिलें, हें त्याला कळत नाहीं. जुना मुकादम निदान डोळ्यांनीं दिसत असे. आतां तो मोबाइलांत जाऊन बसला आहे. आणि या मुलाला टोळी नाहीं. आजोबांपेक्षां त्याच्या पाठीवर वजन कमी आहे, पण मनावर तें कमी आहे असें म्हणवत नाहीं.

मोठ्या कंपन्यांना याची जाणीव झालेली नाहीं असें नव्हे. कोणी योगाचे वर्ग घेतात, कोणी मनःशांतीचे पाठ देतात, कोणी सल्लागार नेमतात. ब्रिटनमधील २३३ संस्थांच्या ४६,३३६ कामगारांच्या उत्तरांवरून केलेला एक अभ्यास २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. अशा वैयक्तिक उपायांत भाग घेणाऱ्यांचें मनःस्वास्थ्य भाग न घेणाऱ्यांपेक्षां बरें असल्याचें त्यांत बहुतेक दिसून आलें नाहीं. योग वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. अर्थ इतकाच कीं, कामाची मांडणी तशीच ठेवून माणसालाच ‘तूं शांत राहा’ असें सांगणें, म्हणजे पोतें न उतरवितां मान कशी ताठ ठेवावी याचे धडे देणें होय.

हें सारें मुंबईपुरतें किंवा परदेशापुरतें आहे असें समजूं नये. मेढ्यांतहि तहसील कचेरी आहे, एस. टी. चें आगार आहे, शाळा, बँका, दवाखाने आहेत. पांच माणसें जेथें एकाच्या हाताखालीं काम करतात, तेथें हाच प्रश्न आहे. त्या एकानें मनाशीं कांहीं गोष्टी विचारून पाहाव्या. माझ्या माणसाला उद्यांची पाळी आज कळते, कीं ऐन वेळीं? त्याची चूक झाली तर तो मला येऊन सांगतो, कीं लपवितो? कामाची रीत ठरवितांना, तें काम रोज करणाऱ्याला मीं कधीं विचारलें आहे काय? त्याच्या घरीं कोणी आजारी पडलें तर त्याची जागा संभाळणारा सोबती त्याला आहे काय? या प्रश्नांना पैसा लागत नाहीं, आणि यांचीं उत्तरें मिळविण्यासाठीं हॉथॉर्नप्रमाणें आठ वर्षांचे प्रयोगहि करावे लागत नाहींत. यादी बाजूला ठेवून ऐकावें मात्र लागतें.

आणि आपण, निरोप द्यावयास उभे राहणारे? ‘जिवाला जप’ हें आपण म्हणावेंच. त्यांत माया आहे. परंतु जिवाला जपणें ही एकट्या जाणाऱ्याची जबाबदारी नव्हे, हेंहि आपण ध्यानांत ठेवावें. ती त्याला कामावर ठेवणाऱ्याची आहे, त्याच्या सोबत्यांची आहे, आणि कायदा करणाऱ्यांची आहे. १८८४ च्या अर्जावर सह्या करणाऱ्यांना तें कळलें होतें. १९६९ च्या कायद्यासाठीं झटणाऱ्यांनाहि तें कळलें होतें. पुढच्या खेपेस मुंबईहून मुलगा सणाला घरीं येईल, तेव्हां ‘पगार किती?’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न त्याला विचारावा: ‘तेथें तुझें म्हणणें कोणी ऐकतें कां रे?’ त्याच्या उत्तरावरून त्याचा जीव कोण जपतो आहे, हें घरच्यांना बरेंचसें कळून येईल.